टोपीतला हात

गोल्फ खेळणारी दोन अनोळखी माणसं भेटली, की नावगाव विचारून होताच पुढचा प्रश्न ठरलेला: ‘हँडिकॅप किती?’ उत्तर येतं अठरा, चोवीस, क्वचित सहा. कोर्सचं पार, म्हणजे एका फेरीसाठी ठरलेले प्रमाण फटके, ७२ असेल तर अठरावाल्याला त्याच्या चांगल्या दिवशी साधारण ९० फटके लागणार आणि सहावाल्याला ७८. दोघं समोरासमोर आले तर अठरावाल्याला बारा फटक्यांची सूट मिळते आणि सामना रंगतो. नवखा आणि मुरलेला खेळाडू एकाच मैदानावर, एकाच दिवशी, खऱ्याखुऱ्या चुरशीने खेळू शकतात अशी सोय फार थोड्या खेळांत आहे.

या सोयीचं नाव मात्र गोल्फने स्वतः घडवलेलं नाही. ते आलं इंग्लंडच्या दारूच्या गुत्त्यांतून, जुन्या कपड्यांच्या अदलाबदलीतून. त्या अदलाबदलीत तिसऱ्या माणसाला पैसे देण्याची एक विलक्षण रीत होती. आजच्या हँडिकॅपचं सगळं किचकट गणित त्या रीतीची जागा भरून काढण्यासाठी उभं राहिलं आहे, असं माझं ठाम मत आहे, आणि ही कुळकथा मी त्याच धाग्याने सांगणार आहे.

सप्टेंबर १६६० मध्ये सॅम्युअल पीप्स हा लंडनचा प्रसिद्ध रोजनिशीकार वुड स्ट्रीटवरच्या मायटर नावाच्या गुत्त्यात मित्रमंडळींबरोबर बसला होता. तिथे काही जणांनी ‘हँडिकॅप’ खेळायला घेतला. आपल्याला हा खेळ ठाऊक नव्हता, पण मजा आली, अशी नोंद त्याने केली आहे. खेळाचं पूर्ण नाव ‘हँड इन कॅप’, म्हणजे टोपीत हात.

खेळ असा. एकाला दुसऱ्याची एखादी वस्तू आवडते, समजा झगा. बदल्यात तो आपला कमरपट्टा देऊ करतो. दोन्हींची किंमत सारखी नाही हे उघड आहे, पण फरक किती, यावर दोघांचं जमणं कठीण. मग तिसऱ्या माणसाला पंच करतात. तिघंही ठरलेली रक्कम एका टोपीत टाकतात. पंच दोन्ही वस्तू उलटसुलट करून पाहतो आणि निवाडा देतो: पट्टेवाल्याने वर अमुक पैसे द्यावेत, म्हणजे सौदा बरोबरीचा. आता दोघंही टोपीत हात घालतात आणि एकाच वेळी बाहेर काढतात. मूठ भरलेली असेल तर निवाडा मान्य, हात रिकामा असेल तर अमान्य.

खरी मेख यापुढे आहे. दोघांच्याही मुठी भरलेल्या निघाल्या तर सौदा पक्का, आणि टोपीतले सगळे पैसे पंचाचे. दोघांचेही हात रिकामे निघाले तर सौदा मोडला, पण पैसे तरीही पंचाचेच. एकाची मूठ भरलेली आणि दुसऱ्याचा हात रिकामा निघाला, तर मात्र सौदा होत नाही, सगळे पैसे ‘हो’ म्हणणाऱ्याला मिळतात आणि पंच हात चोळत बसतो.

आपल्याकडे गुरांच्या बाजारात दलाल आणि गिऱ्हाईक उपरण्याखाली बोटं धरून भाव ठरवतात. लपवाछपवी तिथेही आहे, पण तिथे हात एकमेकांशी बोलतात. टोपीच्या खेळात दोन्ही हात एकमेकांपासूनही लपलेले असतात आणि एकाच क्षणी उघडे पडतात. त्यामुळे ‘तो काय करतो ते बघून मी ठरवतो’ ही पळवाट बंद होते. पंचाची गोम तर त्याहून मोठी. त्याचा निवाडा एकाच्या बाजूने झुकला की एक जण खूश, दुसरा नाराज, आणि पंचाचा खिसा रिकामा. म्हणजे निःपक्षपातीपणाचं बक्षीस नियमातच शिवलेलं आहे. पंच सज्जन असण्याची गरज नाही. त्याचा स्वार्थच त्याला मध्यावर आणून उभा करतो.

हा खेळ पीप्सच्याही पुष्कळ आधीचा आहे. चौदाव्या शतकाच्या उत्तरार्धात विल्यम लँगलंडने लिहिलेल्या ‘पियर्स प्लाउमन’ या दीर्घकाव्यात गुत्त्यातला एक प्रसंग येतो. क्लेमंट नावाचा चांभार आपला झगा अदलाबदलीला काढतो, तबेल्यात काम करणारा हिक आपला शिरटोप. आधी दोन्हींकडून किंमत करणारे नेमले जातात, त्यांचं एकमत होत नाही, मग दोर वळणाऱ्या रॉबिनला पंच म्हणून उभं केलं जातं आणि तो तोडगा काढतो. या खेळाला तिथे ‘न्यू फेअर’ म्हटलं आहे. टोपी दिसत नाही, पण दोन असमान वस्तू, वरची भर आणि तिसरा माणूस हा सगळा सांगाडा तयार आहे.

रॉबिनला लँगलंड जो शब्द वापरतो तो आहे ‘नूंपेर’. जुन्या फ्रेंचमधला ‘नॉनपेर’, म्हणजे जोडीतला नसलेला, विषम. पुढे इंग्रजीत उपपदाशी गफलत होऊन सुरुवातीचा ‘न’ गळाला आणि उरला तो ‘अंपायर’. क्रिकेटमध्ये पांढरा कोट घालून उभा राहणारा अंपायर मुळात दोघांच्या जोडीबाहेरचा तिसरा माणूस आहे. अंपायर आणि हँडिकॅप ही दोन्ही नावं एकाच गुत्त्यातल्या बाकावर भेटतात, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. बरोबरी साधायची तर जोडीत नसलेला कुणीतरी लागतो, हे त्यातून उघड दिसतं.

इथे एका लोकप्रिय दंतकथेचा निकाल लावायला हवा. ती अशी: इंग्लंडच्या सातव्या हेन्री राजाने युद्धात जायबंदी झालेल्या सैनिकांना भीक मागायची परवानगी दिली, ते हातात टोपी घेऊन रस्त्यावर उभे राहिले, आणि त्यावरून अपंगांना ‘हँडिकॅप्ड’ म्हणू लागले. ही कथा ऐकायला पटते, पण काळाचा क्रम तिला टिकू देत नाही. हा शब्द सतराव्या शतकात अदलाबदलीच्या खेळाचं नाव म्हणून येतो, अठराव्यात घोड्यांच्या शर्यतीत जातो, एकोणिसाव्यात ‘बरोबरीसाठी लादलेला बोजा’ आणि तिथून ‘अडचण’ असा पसरतो. शारीरिक अपंगत्वाचा अर्थ त्याला चिकटतो तो थेट विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात. भिकेची कथा खरी असती तर हा शेवटचा अर्थ सगळ्यात आधी सापडायला हवा होता. शिवाय ‘हातात टोपी’ आणि ‘टोपीत हात’ यांत फरक आहे. पहिल्यात याचना आहे, दुसऱ्यात दोन बरोबरीच्या माणसांचा करार.

गुत्त्यातून शर्यतीकडे गेलेली वाट एका पुस्तकात स्पष्ट दिसते. १७५०च्या दशकात जॉन पाँड इंग्लंडमधल्या घोड्यांच्या शर्यतींची वार्षिक पंजी छापत असे. तिच्यात ‘हँडीकॅप मॅच’चा नियम दिला आहे. अ, ब आणि क तिघं सारखी रक्कम टोपीत टाकतात. क हा हँडिकॅपर. तो अ आणि ब यांच्या घोड्यांची लढत जुळवतो, म्हणजे कुणाच्या घोड्याने किती वजन वाहायचं ते ठरवतो. मग अ आणि ब आपापल्या खिशात हात घालतात, मिटलेली मूठ बाहेर काढतात आणि एकदम उघडतात. दोघांच्या हातात पैसे असले तर शर्यत पक्की, दोघांच्याही नसले तर रद्द. दोन्ही वेळा टोपीतली रक्कम हँडिकॅपरची. एकाच्याच हातात पैसे निघाले, तर रक्कम त्याची. नियम जसाच्या तसा गुत्त्यातला आहे. फक्त झग्याच्या जागी घोडा आला, वरच्या भरीच्या जागी वजन आलं, आणि हात टोपीतून खिशात गेला.

पुढे शर्यतीत दोनाचे अनेक घोडे झाले. १७९१ मध्ये ॲस्कॉटला झालेली ओटलँड्स स्टेक्स ही अशा मोठ्या हँडिकॅप शर्यतींमधली पहिली गाजलेली. ती प्रिन्स ऑफ वेल्सच्या बॅरोनेट या घोड्याने जिंकली. १८५५ पासून ॲडमिरल हेन्री राउस सार्वजनिक हँडिकॅपर झाला आणि वजनं ठरवणं हा अधिकृत हुद्दा बनला. इतक्या जणांनी एकदम मुठी उघडणं शक्य नव्हतं, पण होकाराची पायरी टिकली. हँडिकॅपरने वजनं जाहीर केली की ती पाहून मालकाने घोडा पळवायचा की काढून घ्यायचा हे कळवायचं. मुंबईच्या महालक्ष्मी आणि पुण्याच्या रेसकोर्सवरही आधी ‘हँडिकॅप्स’ लागतात आणि मग ‘ॲक्सेप्टन्सेस’. त्या ॲक्सेप्टन्समध्ये भरलेली मूठ अजून जिवंत आहे.

आता गोल्फ. सर्वसाधारण समज असा, की घोड्यांच्या शर्यतीतून कल्पना आणि शब्द दोन्ही गोल्फने उचलले. याच्या विरोधात एक भक्कम साक्षीदार उभा आहे: थॉमस किनकेड, एडिंबरातला वैद्यकीचा विद्यार्थी. १६८७ च्या जानेवारी-फेब्रुवारीतल्या त्याच्या रोजनिशीत गोल्फचा स्विंग कसा करावा, पाय कसे रोवावेत याचं बारीक वर्णन आहे. ते नियम त्याने पद्यातही बांधले. त्याच पानांवर तो एक प्रश्न घालून घेतो. प्रतिस्पर्धी कच्चा असेल तर सवलत कशी द्यावी? डाव बरोबरीचा करून पणही सारखे ठेवावेत, की डाव आहे तसा ठेवून पणच असमान करावेत? उदाहरणही तो गोल्फचंच घेतो: तीनपैकी दोन होल आधीच देऊन सारख्या पैशांनी खेळावं, की त्याच्या एका नाण्यासमोर आपली तीन लावून दर होलला खेळावं?

शर्यतीच्या मैदानावर हँडिकॅप शब्द रुजण्याच्या कितीतरी आधी एका स्कॉटिश पोराने हँडिकॅपचा गाभा असा नेमका पकडला होता. म्हणजे सवलतीची कल्पना गोल्फची घरचीच. तिचे शब्दही घरचे होते. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर स्कॉटलंडमध्ये तिला ‘ऑड्स’ म्हणत. दर तिसऱ्या होलला एक फटका सूट म्हणजे ‘थर्ड-वन’, अठरा होलांत सहा फटके. दर दुसऱ्या होलला एक म्हणजे ‘हाफ-वन’, नऊ फटके. मुंबईत १८४२ मध्ये गोल्फ क्लब निघाला तेव्हा खेळणाऱ्यांच्या तोंडी हीच भाषा असणार. हँडिकॅप हा शब्द गोल्फमध्ये अजून रुळायचा होता.

मग ऑड्ससारखा सुटसुटीत शब्द असताना शर्यतीचा शब्द का घेतला? काही जण म्हणतात, निव्वळ फॅशन. शर्यतीचे शौकीन गोल्फ खेळू लागले आणि आपली बोली घेऊन आले. मला हे पटत नाही. फॅशनच असती तर ओटलँड्सनंतर दहा-वीस वर्षांत शब्द आला असता. तो रुळला १८७० नंतर, आणि त्याच काळात क्लबांची संख्या भराभर वाढली, एकूण फटक्यांवर निकाल लागणाऱ्या महिन्याच्या मेडल स्पर्धा सुरू झाल्या. १७५९ मध्ये सेंट अँड्र्यूजला एकूण फटके मोजून विजेता ठरवायची पद्धत सुरू झाली होतीच. दोन मित्र पहिल्या टीवर घासाघीस करून ऑड्स ठरवू शकतात. चाळीस जणांच्या मेडलमध्ये कोण कुणाशी घासाघीस करणार? तिथे प्रत्येकाला आकडा देणारी कमिटी लागते. जोडीबाहेरचा तिसरा माणूस गोल्फमध्ये तेव्हा आला, आणि येताना आपलं नाव घेऊन आला. कल्पना किनकेडची, पण हँडिकॅपर टोपीवाला: माझा सिद्धांत एवढाच आहे.

मात्र या तिसऱ्या माणसाला टोपीतले पैसे नव्हते आणि खेळाडूंना नकाराची मूठ नव्हती. निःपक्षपाती राहण्यात कमिटीचा फायदा काहीच नव्हता. शिवाय घोडा आपली क्षमता सगळ्यांच्या डोळ्यांदेखत पळून दाखवतो. गोल्फर आपलं कार्ड स्वतःच आणून देतो. ज्याच्यावर निवाडा द्यायचा तोच पुरावा पुरवतो. पुढच्या सव्वाशे-दीडशे वर्षांतली प्रत्येक सुधारणा या एका भगदाडावर घातलेलं ठिगळ आहे.

पहिलं मोठं ठिगळ बायकांनी घातलं. १८९३ मध्ये ब्रिटनमध्ये लेडीज गोल्फ युनियन स्थापन झाली आणि तिची पहिली सचिव इसेट पिअर्सन हिने देशभर एकच मोजपट्टी लावायचा आग्रह धरला. तोवर सोप्या कोर्सवरचा दहा आणि अवघड कोर्सवरचा दहा एकाच भावाने खपत होते. पुरुषांच्या संघटनांना तिथे पोचायला १९२० चं दशक उजाडलं. अमेरिकेत १९०५ च्या सुमारास न्यू जर्सीच्या लेटन कॅलकिन्सने सरासरी काढताना खेळाडूच्या सगळ्यात चांगल्या तीनच फेऱ्या धरायची पद्धत मांडली. मुद्दाम वाईट खेळून आकडा फुगवणाऱ्याची यात अडचण होते, कारण वाईट फेऱ्या हिशोबातच येत नाहीत. आजच्या सूत्राचा कणा हाच आहे. तिसरं ठिगळ डीन नथ याचं. एकाच कोर्सचा त्रास तरबेज आणि साधारण खेळाडूला सारखा होत नाही, हे आकड्यात मांडणारी ‘स्लोप’ची कल्पना त्याने दिली, १९८० च्या दशकात ती अमेरिकाभर लागू झाली. २०२० पासून जगातल्या सहा वेगवेगळ्या पद्धती मोडून एकच वर्ल्ड हँडिकॅप सिस्टिम आली आहे.

तिचं गणित हातावर करून पाहू. प्रत्येक कोर्सला दोन आकडे असतात. कोर्स रेटिंग म्हणजे शून्य हँडिकॅपच्या, अर्थात ‘स्क्रॅच’ खेळाडूला तिथे अपेक्षित फटके. स्लोप ५५ ते १५५ मध्ये असतो आणि प्रमाण मानला जातो ११३. हा आकडा विचित्र वाटतो, पण त्याला अर्थ आहे. वीसच्या आसपास हँडिकॅप असलेल्या ‘बोगी’ खेळाडूचं अपेक्षित रेटिंग आणि स्क्रॅचचं रेटिंग यांतल्या फरकाला पुरुषांसाठी ५.३८१ ने गुणलं की स्लोप मिळतो. ११३ ला ५.३८१ ने भागा: २१ येतात. म्हणजे प्रमाण कोर्सवर या दोघांत २१ फटक्यांचं अंतर आहे.

समजा रेटिंग ७१.२ आणि स्लोप १२५ असलेल्या कोर्सवर तुम्हाला ९५ फटके लागले. ९५ मधून ७१.२ वजा केले, उरले २३.८. त्यांना ११३ ने गुणून १२५ ने भागलं की २१.५. हे त्या फेरीचं डिफरन्शियल. कोर्स अवघड होता म्हणून २३.८ चे २१.५ झाले. हवापाण्यामुळे त्या दिवशी सगळ्यांचेच स्कोअर बिघडले असतील तर आणखी थोडी दुरुस्ती होते. अशा शेवटच्या २० फेऱ्यांतल्या सगळ्यात चांगल्या ८ घेऊन त्यांची सरासरी काढली, की तो तुमचा हँडिकॅप इंडेक्स. कमाल मर्यादा ५४.

समजा इंडेक्स २०.४ आला. तो घेऊन तुम्ही रेटिंग ७१, स्लोप १३० आणि पार ७२ असलेल्या कोर्सवर गेलात. २०.४ ला १३० ने गुणून ११३ ने भागा: २३.४७. त्यात रेटिंग वजा पार, म्हणजे उणे १ मिळवा: २२.४७. तिथला कोर्स हँडिकॅप २२. फटके मोजायच्या वैयक्तिक स्पर्धेत याचे ९५ टक्के धरतात, म्हणजे २१. प्रत्येक होलला एक फटका सूट, आणि कार्डावर सगळ्यात अवघड म्हणून क्रमांक लावलेल्या पहिल्या तीन होलांवर आणखी एकेक.

आठ उत्तम फेऱ्यांवर आकडा बसवल्यामुळे तो तुमची सरासरी सांगत नाही, तुमची कुवत सांगतो. म्हणून बहुतेक दिवशी हँडिकॅपइतकं खेळणं जमत नाही, आणि तसं न जमणं हे पद्धतीला अपेक्षितच आहे.

बाकीचे नियमही भगदाड राखायलाच बसले आहेत. एका होलवर हाताबाहेर गेलेला स्कोअर हिशोबासाठी कापला जातो: पार, अधिक दोन, अधिक त्या होलवर मिळणारी सूट. वरच्या खेळाडूला क्रमांक दोनच्या अवघड पार-चार होलवर ११ लागले, तरी चार अधिक दोन अधिक दोन असे ८ च धरले जातात. एका होलवर मुद्दाम फटके उधळून आकडा वाढवण्याचा रस्ता त्यामुळे बंद. वर्षभरातल्या सगळ्यात कमी इंडेक्सपेक्षा तो ३ ने वर गेला, की पुढची वाढ निम्मीच मिळते आणि ५ च्या वर ती थांबतेच. उलट एखादी फेरी इंडेक्सपेक्षा ७ किंवा अधिक फटक्यांनी चांगली निघाली की आकडा लगेच एकने खाली येतो, १० किंवा अधिक असेल तर दोनने. वर जाताना लगाम, खाली येताना उतार. कमिटीकडे टोपीतलं बक्षीस नाही, म्हणून संशयाचं काम सूत्राने स्वतःकडे घेतलं.

तरीही सूत्राला एक गोष्ट जमत नाही. जे कार्ड जमाच झालं नाही, ते त्याला दिसत नाही. उत्तम फेरी खिशात राहिली आणि सुमार तेवढ्या नोंदवल्या, तर वीसातल्या आठांची सरासरी कितीही काटेकोर काढली तरी चुकीचीच येणार. म्हणूनच वर्ल्ड हँडिकॅप सिस्टिममध्येही क्लबच्या हँडिकॅप कमिटीला खेळाडूचा आकडा तपासून बदलायचा अधिकार ठेवला आहे. आता सगळं ॲपच करतं, कमिटी कशाला, असा सूर हल्ली ऐकू येतो. मला तो धोक्याचा वाटतो. झगा आणि शिरटोप यांतला फरक ठरवायला रॉबिनने दोन्ही वस्तू डोळ्यांनी पाहिल्या होत्या. ज्यांनी खेळाडूला खेळताना पाहिलेलं आहे, त्याच्या न आलेल्या कार्डांबद्दल जे विचारू शकतात, असे तीन-चार सभासद प्रत्येक क्लबने नेमावेत आणि वर्षातून एकदा तरी त्यांनी सगळ्या आकड्यांवरून नजर फिरवावी. सूत्र लिहून ठेवायला सोपं आहे; निवाडा मात्र अजूनही जोडीबाहेरच्या माणसालाच द्यावा लागतो.